जवसाची चटणी आणि तुझा उजवा डोळा

अनसा, तेरा दिवस तुझ्या घरात फोडणी पडली नाही. तेरवीचा स्वयंपाक आचाऱ्यानं केला, तोही बाजारातल्या पिशवीच्या तेलात. तू असतीस तर पंगतीतून उठून गेली असतीस. आज सकाळी मात्र तुझ्या सुनेनं, वंदनानं, घरच्या कढईत घरचं जवसाचं तेल टाकलं आणि तो वास कुंपण ओलांडून आमच्या ओसरीत आला. मी तांदूळ निवडत होते. सूप बाजूला ठेवलं आणि नातीकडून एक वही मागून घेतली.

तुझं माहेर कुठलं, लेकरं किती, कशानं गेलीस, हे मी लिहीत नाही. गावाला ते ठाऊक आहे, आणि तुला तर आहेच. मी फार रडलेही नाही. लोकांनी ते पाहिलं. वंदनानं तर विचारलंच, "काकू, तुमी रडत काऊन नाई?" मी म्हटलं, "मले आधी आठवू दे, माय." रडायला पुढं दिवस पडले आहेत. एक गोष्ट तुझ्यापाशी बोलायची राहून गेली, ती आधी सांगते. गोष्ट चटणीची आहे. पण डोळ्याचं सांगितल्याशिवाय चटणीचं सांगता येत नाही.

आपल्या दोन घरांमध्ये एक काट्यांचं कुंपण. तिकडं तुमची लाकडी घाणी, इकडं आमची तलावातली मासळी आणि वाळत घातलेली जाळी. तुमचं तेल आमच्या घरात यायचं, आमची मासळी तुमच्या घरात कधी गेली नाही. तुझ्या गळ्यात माहेरापासूनची तुळशीची माळ, मासळी वर्ज्य. वारा तुमच्याकडं वाहायला लागला की तू कुंपणाशी येऊन ओरडायचीस, "पार्बता, तुही जाळी त्या अंगाले घाल वं! माह्या देवाले सर्दी झाली तुह्या वासानं!" मी म्हणायचे, "मंग देवाले तेल चोळ. तुह्यापाशी काय कमी हाय?"

वाचायला मी तुझ्याच घाणीवर शिकले. पेंड बांधायला तुमच्याकडं रद्दीचे कागद यायचे. त्यातले मी उचलून आणायची आणि अक्षराला अक्षर लावत बसायची. तू हसायचीस. म्हणायचीस, "पेंडीचं ज्ञान हाय तुहं, बैलाले चालते ते." पण गावात कोणाला काही वाचून हवं असलं की तूच त्याला माझ्याकडं पाठवायचीस.

तुझा डावा डोळा लहानपणी गोवरात गेलेला. राहिला तो उजवा. त्या एका डोळ्यावर तुझं सगळं चाललेलं. बाटलीत तेल घेऊन उन्हात धरायचीस, जरा हलवायचीस आणि सांगायचीस की दाणा ओला होता की जुना. उरलेलं काम नाकाचं. झाकण उघडायच्या आधीच तू तेल किती दिवसांचं ते सांगायचीस. तुझं हे नाक लक्षात ठेवायला हवं होतं मी. पुढं त्याचं काम पडलं.

एका वर्षी कार्तिकात तुला ताप आला. ताप उतरला आणि ओठाच्या कडेला पुळ्या उठल्या. सगळ्यांनाच उठतात, कोण लक्ष देतो? मग उजवा डोळा लाल झाला. पाणी गळायला लागलं, उजेड सोसेना. तुझ्या सासूनं दारातूनच निकाल दिला, "माता हाय. फोडणी बंद."

आपल्याकडची रीतच ती. डोळा आला, अंगावर काही उठलं, की कढईला तेल लावायचं नाही. तो चरचर आवाज देवीला खपत नाही म्हणतात. आमच्याही घरी हेच, म्हणून मीही काही बोलले नाही. पण आज डोळ्यासमोर येतं ते सगळं. अंगणात बैल फिरतोय, घाणीतून तेल गळतंय, आणि घराची मालकीण आत अंधारात बसून मीठ घातलेली पेज पितेय. बैलाच्या डोळ्यांना झापड बांधलेली, तुझ्या डोळ्यावर ओलं फडकं. तू म्हणालीस, "आता त्याले सांग, दोघं मिळून फिरू."

पंधरा-वीस दिवस असेच गेले. मग एका सकाळी मी तुझ्यासमोर येऊन उभी राहिले, हातभर अंतरावर, आणि तू विचारलंस, "कोन हाय?"

मी तशीच मागं फिरले. घरी गेले, लुगडं बदललं आणि परत येऊन तुझ्या सासूला म्हटलं, "मी इले दवाखान्यात नेऊन राह्यली. माता रागावली त माह्यावर रागावू दे."

सिंदेवाहीहून एसटी धरली आणि चंद्रपूर गाठलं. तुझ्या डोळ्यावर फडकं, म्हणून पायरी मी सांगायची, खिडकीजवळचं ऊन मी पदरानं अडवायचं आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणंही मीच ऐकायचं. बाई वयानं लहान होत्या. डोळा बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "जेवणात काय घेता?"

"पेज, बाई. आन उकडलेली भाजी," तू म्हणालीस.

"तेल?"

"डोळा आला ना बाई. फोडणी बंद हाय."

"घरी काम काय करता?"

"तेलाची घाणी हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हसल्या. आपण दोघी हसत नाही हे पाहून सावरल्या. मग चिठ्ठीच्या पाठीवर डोळ्याचं चित्र काढून त्यांनी आपल्याला समजावलं. तो कागद माझ्याकडं अजून आहे.

त्या म्हणाल्या, ओठावरच्या पुळीचा जो विषाणू आहे, तोच डोळ्यात शिरला आहे. एकदा अंगात आला की तो जात नाही. शिरेच्या मुळाशी झोपून राहतो. ताप आला, उन्हात राबलं, काळजी लागली की उठतो. त्याला मारायला अंगातले शिपाई धावून येतात. ते यायलाच हवेत. पण कधी कधी विषाणू हरला तरी शिपाई लढाई थांबवत नाहीत. डोळ्याच्या काचेवरच त्यांची धुमश्चक्री चालू राहते आणि तिथं पांढरं फूल पडतं. "म्हणजे फूल विषाणूपेक्षा आपलेच शिपाई जास्त पाडतात," त्या म्हणाल्या.

तू विचारलंस, "मंग त्याईले थांबवते कोन?"

तुझ्या या प्रश्नावर बाई खूश झाल्या. म्हणाल्या, आपण जो स्निग्ध पदार्थ खातो, तेल, तूप, मासे, तो या शिपायांच्या अंगात जाऊन बसतो. त्यातूनच ते एकमेकांना निरोप धाडतात. काही तेलांतून निघणारा निरोप असतो, लढा, आणखी या. काहींतून निघतो, पुरे झालं, घरी चला. जवसातलं तेल दुसऱ्या जातीचं. मासळीतलंही त्याच जातीचं. फरक इतकाच की जवसातलं अंगाला बदलून घ्यावं लागतं, आणि ते थोडंच बदलतं. मासळीतलं तयार असतं. तेल अगदीच बंद केलं तर डोळ्याला लागणारं जीवनसत्त्वसुद्धा भाजीतून अंगात नीट उतरत नाही.

मग त्या आवाज चढवून म्हणाल्या, "पण हे औषध नाही. यावर अजून अभ्यास चालू आहे, पक्कं कोणी सांगत नाही. औषध म्हणजे हे मलम. दिवसातून पाच वेळा. दुकानातून दुसरे कुठले थेंब आणायचे नाहीत. फोडणी सुरू करा, पण मलम सोडू नका." मलमाचं त्यांनी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी माझं मन मासळीत गेलेलं होतं.

परतताना एसटीतच आपलं भांडण सुरू झालं.

"आयकलं का? जवस म्हनाली बाई," तू म्हणालीस. फडक्याखालचं तोंड असं फुललं होतं की जणू त्या बाईंनी तुझ्या घाणीलाच हार घातला.

"मासे बी म्हनाली. माशातलं तयार असते म्हनाली."

"तयार तुले लागते. माह्या घाणीचं मी बदलवून घेईन."

"थोडंच बदलते म्हनाली."

"मंग जास्त खाईन!"

मागच्या बाकावरचा म्हातारा हसला. मी मात्र हसले नाही. तुझा तो एकच डोळा होता. मी चिठ्ठीची घडी घातली आणि कमरेला खोचली.

पाच वेळा मलम घालायचं मी अंगावर घेतलं. सावली तुळशीपाशी आली की एकदा, घाणीच्या खांबाशी आली की दुसऱ्यांदा, असं ठरवून मी कुंपणावरून हाक मारायची. तू म्हणायचीस, "घातलं." मी म्हणायचे, "दाखव." तू शिव्या द्यायचीस आणि डोळा उघडून दाखवायचीस. तुझ्या सासूनं आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, पण कढईत तेल पडू दिलं. डोळा निवळला. काचेच्या कडेला तांदळाच्या कणीएवढं पांढरं तेवढं राहिलं. बाटली उन्हात धरून तेल बघता येईल इतकं तुला पुन्हा दिसू लागलं.

इथवर माझं वागणं चांगलं होतं. आता पुढचं सांगते.

बाई म्हणाल्या होत्या की तो पुन्हा उठेल. दुसरा हिवाळा जवळ आला आणि मला धास्ती बसली. तू जवसाच्या तेलात भाजी करत होतीस, मजेत होतीस. माझ्या डोक्यात मात्र एकच घुमत होतं, थोडंच बदलते, थोडंच बदलते. तुला मासळी खा म्हणण्यात अर्थ नव्हता. माळ काढ म्हणण्याइतकी मी निलाजरी नव्हते. मग मी माळ न काढता करायचं ठरवलं.

जवस भाजले, लाल मिरची, लसूण, मीठ घातलं. दुसऱ्या चुलीवर सुके झिंगे, ती तलावातली बारीक कोळंबी, भाजले, त्यांची डोकी-पाय काढले, कुटले आणि धोतराच्या फडक्यातून गाळले. पीठ झालं, मऊ, हलकं. पहिल्यांदा चिमूटभरच मिसळलं. तुझ्या नावाची जी स्टीलची डबी आमच्या घरी राहून गेली होती, तीत चटणी भरली आणि कुंपणावरून दिली. म्हटलं, "घे, तुह्याच जवसाची हाय."

मी देवाला विचारलं नाही. तुलाही विचारलं नाही. डोळा मोठा की माळ मोठी, हे मी एकटीनंच ठरवून टाकलं. तेव्हा त्यात मला काही खटकलं नाही. खटकलं ते नंतर.

आठ दिवसांनी डबी धुऊन परत आली. मी विचारलं, "कशी झाली होती?"

"बरी होती."

"खाल्ली का?"

"डबी रिकामी हाय ना?" तू म्हणालीस.

मी दुसरी भरली. हळूहळू चिमटीचा चमचा झाला. डबी जायची, रिकामी यायची. त्याच हिवाळ्यात तुमची पांढरी मनी मला बघितलं की पायात घोटाळायला लागली. मला वाटलं, मासळीवालीच्या मागं मांजर लागणारच.

हिवाळा गेला. डोळा उठला नाही. तू गावभर सांगत सुटलीस की घाणीच्या तेलानं डोळा राखला. विहिरीवर चार बायांसमोर मला डिवचायचीस, "मासे तयार म्हने! मंग मासे खानाऱ्याईचे डोळे जाळी ओढून ओढून लाल काऊन असते वं?" बाया खिदळायच्या. उत्तर माझ्या जिभेवर असायचं. एक वाक्य बोलले असते तर मी जिंकले असते, आणि तुझं जेवण त्या दिवसापासून नासलं असतं. मी घागर उचलून घरी यायची. हरण्यात एवढी मेहनत असते हे मला तेव्हा कळलं.

पुढच्याही हिवाळ्यात काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी तुझी आई गेली. तू माहेरी जाऊन आलीस आणि चौथ्या दिवशी डोळा पुन्हा लाल झाला. चटणी चालू होती, अनसा. चमच्यानं चालू होती. तरी लाल झाला.

यावेळी तुझ्या सासूनंच सांगितलं, "उभ्या काऊन हा? जा ना दवाखान्यात." फोडणीचं नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मलम सुरू झालं. बाईंनी डोळा बघितला आणि म्हणाल्या, "वेळेवर आलात. फार काही राहणार नाही." तू बाहेर बाकावर बसलीस आणि मी मागं थांबून विचारलं, "दोन वर्षं आला नाही, तो जवसानं का माशानं?"

"या मासे खातात?"

मी खाली बघितलं. त्या काय समजायचं ते समजल्या असाव्यात. म्हणाल्या, "मला माहीत नाही, मावशी. तेलानं असेल, मासळीनं असेल, कदाचित कशानंच नसेल. कधी कधी तो नुसताच झोपून राहतो."

एवढी शिकलेली बाई माहीत नाही म्हणाली. रद्दीतलं वाचून मला किती माहीत होतं!

त्यानंतरही मी झिंगे सोडले नाहीत. सवय लागली होती आणि सोडायची भीती वाटत होती. सोडले आणि डोळा गेला तर? न सोडता तू कधी ओळखलंस तर? दर हिवाळ्यात मी ही दोन्ही भयं एकाच डबीत भरून तुझ्याकडं देत राहिले. तुमची घाणी थांबली, बैल विकला, जवस सिंदेवाहीला नेऊन यंत्रावर गाळून आणायला लागलात, तरी डबी जायची आणि यायची. डोळा मधे आणखी एकदा उठला, मलमानं बसला. सुई ओवणं तुझ्यानं होईना, पण माणूस तू अंगणापलीकडून ओळखायचीस.

शेवटच्या आठवड्यात तू खाटेवर होतीस. मी मन घट्ट करून आले. बसले आणि म्हटलं, "अनसा, मले तुले एक सांगाचं हाय."

तू उजवा डोळा माझ्याकडं वळवलास आणि म्हणालीस, "तुह्या चटणीत मीठ जास्त पडते. इतके वर्स सांगतलं नाई."

मला हसू आलं. हसता हसता बोलायचं राहून गेलं. दोन दिवसांनी तू गेलीस.

आज वंदनाच्या फोडणीचा वास आला आणि वही उघडण्याआधी मी तिच्याकडं गेले. तुला सांगता आलं नाही म्हणून तिला सांगितलं, चुलीपाशी उभ्यानंच. झिंगे, फडकं, चमचा, सगळं सांगितलं. वाटलं, ती मला घराबाहेर काढेल. तिनं झारा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"काकू, आई ते चटणी मनीले घाले!"

मी पाट ओढून बसले. मग तिनं सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी तू डबी उघडलीस, बोटावर चटणी घेतलीस, नाकापाशी नेलीस आणि तशीच थांबलीस. बोट धुतलंस. बराच वेळ ओसरीवर बसून राहिलीस. वंदना तेव्हा नवी नवरी होती. ती म्हणाली, "आई, परत देऊ का?" तू म्हणालीस, "नोको. आन पार्बताले सांगू बी नोको. तिले वाटते ते माहा डोळा वाचवून राह्यली. वाटू दे. डोळा उठला की त्या नादानं ते पाच डाव मलमाले हाका त मारते."

अनसा, मी तुझ्याशी बारा हिवाळे खोटं वागले आणि तू बारा हिवाळे ते धुऊन परत दिलंस. त्यात एक शब्दही खोटा बोलली नाहीस. "डबी रिकामी हाय ना?" हे बोलणं मी किती वेळा ऐकलं असेल! मी रागवावं की तुझ्या पाया पडावं, हे माझं अजून ठरलेलं नाही. आता घाईही नाही.

भांडण मात्र मिटलेलं नाही, हे लक्षात घे. झिंगे तुझ्या पोटात गेलेच नाहीत, तर मासळी हरली असं कसं म्हणणार? जवसाचं तेल तू रोज खाल्लंस, तरी डोळा दोनदा उठला. उठला खरा, पण फूल वाढलं नाही. ते तेलानं की मलमानं, मी सांगू शकत नाही. मनीचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते, एवढं मी इथं लिहून ठेवते.

आता कुणाचा डोळा लाल झाला की बाया माझ्याकडं येतात. मी तो चिठ्ठीचा कागद काढते. पहिलं सांगते, दवाखाना आणि मलम. दुसरं सांगते, दवाखाना आणि मलम. तिसऱ्यांदाही तेच सांगते. मग म्हणते, फोडणी बंद करू नका. जवस असेल तर जवस खा. मासळी खात असाल तर मासळी खा. आणि खात नसाल तर नका खाऊ.

दुपारी वंदनानं तुझ्या मडक्यातले उरलेले पसाभर जवस दिले. चटणी केली. एकाच चुलीवर केली, झिंग्यांची दुसरी पेटवलीच नाही. मीठ बेतानं टाकलं. तुझ्या नावाच्या डबीत भरून नेहमीच्या जागी कुंपणावर ठेवली आणि लिहायला बसले. आत्ता मनीची नात आली. डबीशी नाक नेलं, हुंगलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवून निघून गेली.